तपासणीचा अहवाल बाजारात लावा

म्हापसा पालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, तेव्हा साऱ्या देशाने गोव्याची थट्टा केली. जिथे कॅसिनो राजरोस चालतात तिथे फ्लॉवरची भजी मात्र गुन्हा, असा एकंदर सूर होता. मला ती थट्टा आवडली नाही. बोडगेश्वराच्या जत्रेत, वास्कोच्या दामोदर सप्ताहात किंवा कुठल्याही फेस्ताच्या फेरीत जो त्या गाड्यांसमोर उभा राहिला आहे, त्याला तो लालभडक रंग आठवत असेल. बोटांना लागला तर साबणानेही पटकन जात नाही. प्रश्न खरा होता. उत्तर चुकले.

भारतात खाण्यात घालायला आठच कृत्रिम रंग चालतात, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोयझिन ही त्यांतली नावे. कपडे रंगवायचा रोडामाइन-बी कशातच चालत नाही. मग म्हापशाच्या गाड्यांवर नेमके काय होते? मान्य रंग नको त्या पदार्थात घातला होता, की मापाबाहेर ओतला होता, की सरळ कपड्यांचाच होता? आरोग्याच्या दृष्टीने या तीन गोष्टींत मोठे अंतर आहे. त्यानंतर दोन महिन्यांत, मार्चमध्ये, शेजारच्या कर्नाटकने याच पदार्थाला हात घातला. गोबीचे १७१ नमुने तपासले, १०७ असुरक्षित निघाले, सापडलेल्या रंगांची नावे जाहीर झाली, आणि बंदी आली ती रंगांवर. गोबी राहिली. आपल्याकडे गोबी गेली आणि रंग राहिला. तो शेजारच्या हॉटेलातल्या चिली चिकनमध्ये आणि तंदुरीत सुखाने नांदतो आहे. गाड्यावरच्या कढईत तेच तेल किती वेळा तापते, हा तर रंगाइतकाच गंभीर मुद्दा. तळणाच्या तेलात बिघडलेल्या घटकांचे, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सचे, प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचे, असा नियम जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. ते मोजायचे यंत्र हातात मावते. ते घेऊन जत्रेत फिरणारा अधिकारी कुणी पाहिला असेल तर मला जरूर सांगावे.

बंदी घालायला प्रयोगशाळा लागत नाही, ठराव पुरतो. गोव्यातल्या अन्नसुरक्षेचे दुखणे मला इथे दिसते. आपण छापे घालतो, माल जप्त करतो, फोटो छापून आणतो. तपासणीत काय सापडले, किती सापडले, किती चालते, हे मात्र ज्याच्या पोटात ते जाणार त्याला कधीच कळत नाही.

याचा सर्वांत मोठा धडा २०१८ च्या जुलैने दिला. १ जून ते ३१ जुलै आपली मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजार चालतो तो आंध्र, तामिळनाडू, कर्नाटक अशा राज्यांतून येणाऱ्या ट्रकांवर. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक बाजारात मासळी तपासली. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन दिसले, बातमी पसरली. मग थोड्याच वेळात खुलासा आला की जे आहे ते ‘मर्यादेत’ आहे. लोक चिडले, आणि योग्यच चिडले. प्रेते टिकवायला वापरतात त्या द्रव्याची माशात मर्यादा कसली? मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरायला कायद्याने परवानगीच नाही. आठवडाभरात मनोहर पर्रीकरांच्या सरकारला बाहेरच्या मासळीची आवक पंधरा दिवसांसाठी थांबवावी लागली. त्या वर्षी गोव्याने श्रावण लागायच्या आधीच श्रावण पाळला.

आता गंमत अशी, की ‘मर्यादेत’ हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हता. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर ते फुटते आणि त्यातून थोडे फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होते. हेच फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळवले की फॉर्मेलिन होते. काही जातींत ते जास्त होते. आपला बोंबील ज्या कुळातला आहे ते कूळ यात आघाडीवर. आपल्या स्वतःच्या रक्तातही लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड असते, शरीरच ते बनवते आणि मोडते. तेव्हा चाचणीत ‘आहे’ असे दिसले म्हणजे कुणी ओतलेच, असे सिद्ध होत नाही. किती आहे आणि कुठल्या माशात आहे, यावर ते ठरते. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नंतर माशांचे गट पाडून नैसर्गिक फॉर्मल्डिहाइडच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्याही.

हे सगळे त्या दिवशी सांगता आले असते. बांगडा इतका, मोरी इतकी, सौंदाळे इतके, नैसर्गिकरीत्या इतके अपेक्षित, बाकीचे बाहेरचे. एका कागदावर मावेल एवढा तक्ता. तो आला नाही. एकाच खात्याच्या तोंडून सकाळी एक आणि नंतर दुसरे ऐकल्यावर लोकांनी तिसरेच गृहीत धरले, की काहीतरी दाबले गेले. आजही मडगावच्या बाजारात कुणाला विचारा, २०१८ मध्ये खरे काय होते? दहा जण दहा उत्तरे देतील आणि प्रत्येकाला आपल्या उत्तराची खात्री असेल.

‘अहवाल उघडे केले तर लोक घाबरतील’ हा अधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. २०१८ ने त्याचा निकाल लावलेला आहे. लोक आकड्यांना घाबरले नाहीत, आकडे मिळालेच नव्हते. घबराट झाली ती मौनामुळे आणि उलटसुलट खुलाशांमुळे.

यात आणखी एक माणूस आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलले नाही. फॉर्मल्डिहाइड हे कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकले आहे. पण त्यामागचा पुरावा मुख्यतः ते श्वासातून घेणाऱ्या कामगारांचा आहे. नाक-घशाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग. म्हणजे कुठे कुणी खरेच मासळीवर ते मारत असेल, तर सर्वांत मोठा धोका ते हाताने मिसळणाऱ्या हमालाला, मग त्या पेट्या उघडणाऱ्या बाईला. गिऱ्हाईक त्यानंतर. आपल्या चर्चेत मात्र गिऱ्हाईक सोडून कुणी नसते.

कायद्याचेही थोडे पाहू. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याप्रमाणे नमुना हाती आल्यापासून चौदा दिवसांत विश्लेषकाने अहवाल द्यायचा. मसाल्याला, तेलाला हे ठीक. मासळीचा अहवाल चौदा दिवसांनी येतो तेव्हा तिचे हुमण, म्हणजे कालवण, होऊन काटेही मांजराने नेलेले असतात. म्हणून जागेवरच्या चाचणीला महत्त्व. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची चाचणी काढली आहे, काही मिनिटांत रंग बदलून सांगते. अशा पट्टीने संशयित माल बाजूला काढायचा आणि प्रयोगशाळेने नेमके प्रमाण सांगायचे, ही दोन वेगळी कामे आहेत. आपण पहिल्यावर दुसऱ्याचा भार टाकला.

त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात शेतकरी आणि मच्छीमार वगळलेले आहेत. कायदा बाजारापासून सुरू होतो, शेतापासून नाही. भाजीवर फवारले काय याची विचारणा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, ती वेगळ्या खात्याकडे. आणि आपली भाजी येते चोर्ला घाटातून, बेळगावहून. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्तात मिळते तीही बरीचशी तिकडचीच. एका राज्यातले शेत, दुसऱ्या राज्यातले ताट, मध्ये दोन खाती. तक्रार कुणाकडे करायची हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपल्या विषाच्या भीतीला एक दिशा आहे, ती नेहमी सीमेपलीकडे बोट दाखवते. फॉर्मेलिनचा ट्रक बाहेरचा, कार्बाइडची केळी बाहेरची, गोबीचा गाडेवालाही ‘भायला’. यातले काही खरे आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवणे गुन्हा आहे, त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. पण ज्याला इथिलीन वायूची खोली परवडत नाही तो कार्बाइडची पुडी वापरतो. इथिलीन कायदेशीर आहे, हवेत दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत चालते. पालिकेने बाजारात अशी सामाईक खोली बांधून भाड्याने दिली तर निम्मे छापे घालावे लागणार नाहीत. सोपे काम आहे, फक्त त्याचा फोटो तितका चांगला येत नाही.

उलट आपल्या घरचे विष आपण ओळखतच नाही. साळ नदी घ्या. वेर्णा परिसरात उगम पावून मडगाव, नावेली, वार्का करत बेतुलला समुद्राला मिळणारी ही नदी. खारेबांद ते मोबोर हा तिचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आहे. तिच्यात सांडपाणी सोडायला कुणी आंध्रातून येत नाही. त्याच नदीच्या मुखाशी आपण तिसऱ्या आणि शिणाणे काढतो. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठते. जंतू, शिसे, कॅडमियम, आता प्लॅस्टिकचे कणही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साळच्या खाडीतल्या पाण्यात, गाळात आणि शिंपल्यांत सूक्ष्म प्लॅस्टिक सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. शोधनिबंध इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात. तिसऱ्या विकणारी आणि घेणारी, दोघींच्याही कानावर तो गेला असेल असे मला वाटत नाही. सूक्ष्म प्लॅस्टिक माणसाच्या शरीरात नेमके काय करते याचे उत्तर विज्ञान अजून शोधते आहे, तेव्हा उद्यापासून तिसऱ्या सोडा असे कुणी म्हणू नये. पण नदीत सांडपाणी सोडू नका असे म्हणायला कुठल्या शोधनिबंधाची वाट पाहायची?

सोनसड्याच्या कचऱ्याच्या डोंगराला २०१९ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीचा धूर मडगावकरांनी कित्येक दिवस गिळला. जळत्या प्लॅस्टिकमधून डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये निघतात, ती चरबीत साठतात, दुधातून आणि माशातून परत ताटात येतात. वास्कोत बंदरावरच्या कोळशाची धूळ इतकी, की खिडकीच्या गजावरून बोट फिरवले की काळे होते. ‘गोंयांत कोळसो नाका’ म्हणत माणसे रस्त्यावर उतरली, २०२० मध्ये चांदरला रात्रभर रेल्वेमार्गावर बसली, ती काही उगाच नाही. दाबोळी परिसरात २०२४ मध्ये विहिरींत पेट्रोलियम उतरले. आणि हे आजचे नाही. १९७४ मध्ये सांकवाळच्या खत कारखान्याच्या सांडपाण्यातल्या आर्सेनिकने किनाऱ्यावर मासे मेले, तेव्हा मच्छीमारांनीच आवाज उठवला. गोव्यातल्या पर्यावरणाच्या चळवळीची एक सुरुवात तिथे आहे. त्या माणसांना माशाच्या विषाचे मूळ कारखान्यात शोधायचे हे बरोबर कळले होते. आपण पन्नास वर्षांनी ट्रकपाशी थांबतो.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, फॉर्मेलिन काय घेऊन बसलाय, गोवेकर साखरेने मरतोय. आकडे त्याच्या बाजूचे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जी जून २०२३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आली, मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला. २६.४ टक्के. प्रौढांत चारांतल्या एकाहून अधिक. या आजाराने जितके पाय कापले जातील, जितकी मूत्रपिंडे जातील, तितके नुकसान गाड्यावरचा रंग कधी करणार नाही. आपल्या लाडक्या चोरिसाबद्दल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजबद्दलही बोलायला हवे. मिठात आणि व्हिनेगरात मुरवलेले मांस कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये पहिल्याच गटात ठेवले, रोज पन्नास ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे सांगून. घरी केले, आजीने केले, म्हणून त्याला सूट मिळत नाही. अर्थात पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, धोका सारखा असा त्याचा अर्थ नाही. तंबाखूही त्याच गटात आहे आणि दोन्ही एका मापाने मारत नाहीत. सणासुदीचा चोरिस मी सोडलेला नाही.

पण मित्राचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. चहात तिसरा चमचा साखर मी घालतो, घालताना मला ती दिसते. माशात काय घातले ते दिसत नाही. पहिल्या ठिकाणी मला सल्ला हवा, दुसऱ्या ठिकाणी माहिती. सरकारने माझ्या चहात डोकावू नये, पण जे मला डोळ्यांनी, नाकाने, जिभेने ओळखता येत नाही ते ओळखायची यंत्रे माझ्याच करातून घेतली आहेत, तर त्यांनी काय पाहिले ते मला सांगावे. एका संकटाचे आकडे मोठे म्हणून दुसऱ्याचे झाकून ठेवायचे, याला आरोग्यधोरण म्हणत नाहीत.

उघडेपणाने काय होते याची दोन उदाहरणे देतो. एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूरने एका नामांकित भारतीय कंपनीचा फिश करी मसाला बाजारातून परत घ्यायला लावला. कारण होते इथिलीन ऑक्साइड, जंतू मारायला वापरायचा वायू, तोही कर्करोगाच्या पहिल्या गटातला. हाँगकाँगनेही त्याच महिन्यात काही भारतीय मसाल्यांची नावे घेऊन ती विकणे थांबवले. आपल्या हुमणात पडू शकणाऱ्या मसाल्याची बातमी आपल्याला सिंगापुराहून कळली, कारण तिथले खाते सापडले ते नावानिशी जाहीर करते.

दुसरे उदाहरण बांगलादेशाचे, आणि ते मला जास्त मोलाचे वाटते. तो देश आपल्याहून श्रीमंत नाही. तिथे हळदीला पिवळी झाक यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला रंग, चोळायची पद्धत रुळली होती. शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केले. सरकारने नाकारले नाही. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने बाजारातच हळद तपासली, घाऊक व्यापाऱ्यांना सर्वांसमक्ष दंड केला, दूरदर्शनवर दाखवले, बाजारात पत्रके लावली. शिसे सापडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, २०२१ मध्ये शून्य. हळदीवर बंदी आली नाही. किरकोळ विकणाऱ्या म्हातारीला पोलिसांनी उचलले नाही. हात घातला तो जिथे रंग चोळला जात होता तिथे.

गोवा यापेक्षा कितीतरी लहान आहे. पत्रादेवी, केरी, मोले, पोळे, बाहेरचा माल यायच्या मोठ्या वाटा बोटांवर मोजण्याजोग्या. घाऊक मासळी मडगावला उतरते. २०१८ नंतर उष्णतारोधक (इन्सुलेटेड) वाहने आणि नोंदणी सक्तीची करून सरकारने एक बरे पाऊल टाकलेही. पुढचे पाऊल खर्चाचे नाही. प्रत्येक नमुन्याची एक ओळ: तारीख, बाजार, वस्तू, कुठून आली, कुठले द्रव्य शोधले, किती सापडले, किती चालते. मराठीत, कोकणीत, इंग्रजीत. खात्याच्या संकेतस्थळावर आणि बाजाराच्या दारावरच्या फलकावर. ‘सापडले नाही’ हेही लिहायचे, किंबहुना तेच जास्त वेळा लिहावे लागेल, आणि प्रामाणिक विक्रेतीला त्याचा फायदा होईल. आज फॉर्मेलिनची एक अफवा उठली की जिने पहाटे उठून बर्फावर पैसे घातले तिचाही माल पडून राहतो. आणि हाच फलक साळच्या, झुवारीच्या, मांडवीच्या पाण्यालाही लागू करावा. तिसऱ्या ज्या खाडीतून आल्या तिच्या पाण्यातल्या जंतूंचा आकडा त्याच ओळीत.

खाते हलत नसेल तर गिऱ्हाइकाच्या हातात एक किल्ली आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. याच कायद्याच्या चाळिसाव्या कलमाप्रमाणे कुणीही विकत घेतलेली वस्तू शुल्क भरून सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की घेतानाच विक्रेत्याला सांगायचे की मी ही तपासायला देणार आहे. वस्तू नियमात बसली नाही तर शुल्क परत मिळते आणि पुढची कारवाई खात्याला करावी लागते. एकट्या गृहिणीने हे करावे ही अपेक्षा चुकीची आहे. पण ग्राहक मंच, महिला मंडळे, महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग हे दर महिन्याला करू शकतात आणि आलेला अहवाल स्वतःच छापू शकतात. पुढची मासेमारी बंदी १ जूनला लागेल, ट्रक पुन्हा यायला लागतील. बाजाराच्या दारावर फलक ठोकायला त्याआधी कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.